बारा गुडघा, पंधरा ड्रायव्हर

ताईला निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि घरात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लागले होते, औषधं मुदतीप्रमाणे, जुनी पत्रं वर्षाप्रमाणे. छत्र्यासुद्धा लावल्या होत्या, दोनच होत्या तरी. आता जिने छत्तीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात बसून पुस्तकांची सूची केली, एखादं पुस्तक हातात आलं की ते कुणाचं, कितव्या आवृत्तीचं आणि कुठल्या कपाटात जायचं हे ठरवल्याशिवाय जिला घास गोड लागत नसे, त्या बाईला तुम्ही सांगा, स्वस्थ बस. बसेल? हात नुसते शिवशिवत होते तिचे.

त्यात तिची नजर बाळ्याच्या गाण्यांवर पडली.

बाळ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चौपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, पण ताईच्या तोंडी बाळ्याच. नवव्या वर्षी तापात त्याची दृष्टी गेली ती गेलीच. पुढे तो फिजिओथेरपी शिकला, आणि गेली सव्वीस वर्षं दोन गल्ल्या सोडून असलेल्या दवाखान्यात लोकांचे गुडघे, खांदे आणि कंबरा हलत्या करत होता. पेशंट त्याला मास्तर म्हणत. दवाखान्यात तो उपचार करताना नेहमी संगीत लावायचा, शब्द नसलेलं, नुसतं वाजवलेलं. शब्द आले की पेशंट ऐकायला लागतो आणि अंग आखडतं, असं त्याचं म्हणणं. घरच्या संगणकावर त्याने अशा चारशे बारा फाइली जमवल्या होत्या. त्याच तो एका छोट्या प्लेअरवर घेऊन जायचा; रोज रात्री प्लेअर संगणकाला जोडला की संगणकावरचं सगळं त्यात जसंच्या तसं उतरायचं. संगणक आणि प्लेअर दोन्ही बोलके होते. बटण दाबलं की आतली बाई फाइलीचं नाव वाचून दाखवायची.

एका सकाळी ताई कुणाला तरी पत्र पाठवायला त्या संगणकावर बसली, चुकून गाण्यांचा फोल्डर उघडला, आणि कपाळाला हात लावला.

"बारा गुडघा". "पंधरा ड्रायव्हर". "नऊ मुंग्या". "वीस आजी घोरते". "सात लावू नये बाई रडल्या".

ही काय नावं झाली? वाजवणारा कोण, पत्ता नाही. संग्रह कुठला, साल कोणतं, काही म्हणजे काही नाही. ग्रंथालयात कुणी असं पुस्तक आणून दिलं असतं तर ताईने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. आपल्या भावाच्या घरात, आपल्या नाकाखाली, हा गोंधळ इतकी वर्षं नांदत होता याची तिला शरमच वाटली. मग तिच्या मनात आलं की हे आपण त्याला लावून द्यावं. त्याला न सांगता. एकदम खूश होईल.

हेतू चांगला होता. ताईचा हेतू नेहमीच चांगला असायचा, आणि लोकांना त्याचीच धास्ती असायची.

तिने एक प्रोग्रॅम मिळवला. तो फाइलीतला सूर ऐकून कोण वाजवतंय ते ओळखायचा. सुरुवातीला त्याने दहा-बारा प्रश्न समोर धरले, प्रत्येकापुढे रिकामी चौकट. हे हवं का, ते ठेवायचं का. ताईने ज्यात ज्यात शिस्त दिसली तिथे खूण केली आणि पुढे गेली. रोज बाळ्या दवाखान्यात गेला की ती बसायची. ज्या फाइली प्रोग्रॅमला ओळखता येत नव्हत्या त्या तिने स्वतः शोधल्या. शेवटी टिप्पणीच्या रकान्यात कसल्या कसल्या जाहिराती भरल्या होत्या, तो रकानाही तिने एका फटक्यात पुसून टाकला. बारा दिवस लागले, आणि शेवटच्या दिवशी तिने सगळी नवी नावं एकदम फाइलींवर चढवली. मान अशी धरली की डावीकडे बघायचं तर खांद्यासकट वळावं लागत होतं. पण फोल्डर कसा, आरशासारखा दिसत होता. आधी कलाकार, आणि सगळ्या फाइली संकलनांतल्या निघाल्याने तो सगळीकडे ‘विविध कलाकार’, मग संग्रह, मग तीन आकडी क्रमांक, मग रचनेचं नाव. चारशे बाराच्या चारशे बारा.

"बाळ्या, इकडे ये. तुझी सगळी गाणी लावून दिली आहेत," संध्याकाळी तो आल्या आल्या ती म्हणाली.

तो खुर्चीत बसला, खालच्या बाणाची कळ दाबली. "विविध कलाकार, वाद्यसंगीत संकलन, भाग पहिला, शून्य शून्य एक," बाई म्हणाली. त्याने पुन्हा दाबली. "विविध कलाकार, वाद्यसंगीत संकलन, भाग पहिला, शून्य शून्य दोन." त्याने कळेवरचं बोट उचललं.

"वा, ताई," तो म्हणाला. "केवढं काम केलंस."

त्या रात्री ताईला छान झोप लागली, मान दुखत असूनही.

आठ दिवस गेले. मान काही सुटेना, तेव्हा ती बाळ्याच्या मागे लागण्याआधी बाळ्याच तिच्या मागे लागला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला. पडद्याआडच्या पलंगावर तिला पालथं झोपवून त्याने मानेवर गरम शेक ठेवला.

"दुखतंय?" त्याने बोटाने दाबून विचारलं.

"छे, तेवढं काही नाही," ताई म्हणाली. ती आयुष्यभर हेच म्हणत आली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते उशीत गेलं.

"आज गाणं नाही लावलंस?"

"लावतो मग," तो म्हणाला आणि पडद्यापलीकडे गेला.

पलीकडे एक बस ड्रायव्हर आला होता. खांदा धरलेला, हात कानापर्यंतही जात नव्हता. त्याला बसवण्याचा आवाज आला, खुर्ची करकरली, आणि ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, ते माझं नेहमीचं लावा की. आठवडा झाला, ते नाही तर खांदा ऐकतच नाही बघा."

मग बटणाचा टकटक आवाज आला. "विविध कलाकार, वाद्यसंगीत सं—" टक. "विविध कलाकार, वा—" टक. "विविध कला—" टक. टक. टक. ताईने मोजलं नाही, पण बरंच झालं ते. मग टकटक थांबली.

"मशीन रुसलंय हो," बाळ्या म्हणाला. "होईल एक-दोन दिवसांत."

"मग वेळ कशी कळणार तुम्हाला? ते संपलं की तुम्ही हात काढायचात."

"घड्याळ आहे ना."

पाचच मिनिटं झाली असतील. तास भरला तसं बाळ्याच्या मनगटावरचं बोलकं घड्याळ एकदम खणखणीत आवाजात वेळ ओरडलं, ड्रायव्हर दचकला, आणि जेमतेम सैल पडलेला खांदा पुन्हा जागच्या जागी आवळला. ड्रायव्हर कण्हला. बाळ्याने त्याची माफी मागितली. त्याच्या आवाजात असा काही संकोच होता की ताईने तो लहानपणानंतर ऐकला नव्हता.

पालथ्या पडलेल्या ताईला ते नाव आठवलं. पंधरा ड्रायव्हर. पंधरा म्हणजे पंधरा मिनिटं. शेक किती वेळ, ताण किती वेळ, हे तो गाण्यावर मोजत होता, आणि म्हणून आकडा आधी. बाईने पहिला शब्द उच्चारला की त्याला कळायचं, हवं ते नसलं तर पुढे. आणि आता चारशे बारा फाइली एकाच तोंडाने बोलत होत्या.

बाळ्या सोळा वर्षांचा असताना एकदाच ताईवर रागावला होता. तिने त्याचं कपाट आवरलं होतं. "मदत कर, पण माझ्या वस्तू हलवू नकोस," तो म्हणाला होता. "तुला दिसतं म्हणून तुला कुठेही ठेवलं तरी सापडतं. मला माझ्या हातानं ठेवलेलंच सापडतं." तेव्हापासून आजवर ताईने घरातली एक खुर्ची इंचभर हलवली नव्हती. पाहुण्यांनी हलवली तर ती त्यांच्यासमोर उठून जागेवर लावायची, मग पाहुण्यांना राग येवो नाहीतर काही होवो. आणि त्याच ताईने, नावं म्हणजे त्याच्या खुर्च्याच आहेत हे न समजून, एका दमात सगळं घर हलवून ठेवलं होतं. आठ दिवस तो त्या घरात ठेचकाळत होता आणि अवाक्षर बोलला नव्हता.

ती घरी आली ती तडक संगणकापुढे बसली. केलेलं मागे घ्यायची सोय होती, पण ती प्रोग्रॅम बंद करेपर्यंतच. तो केव्हाच बंद झाला होता. मग तिला ग्रंथालय आठवलं. तिथल्या मोठ्या ग्रंथपालांनी पहिल्याच महिन्यात तिच्या हाताला एक सवय लावली होती. पुस्तकाचं शीर्षक बदललं की कार्डाच्या तळाशी बारीक पेन्सिलीने जुनं शीर्षक लिहायचं, कारण वाचक जुन्या नावानेच विचारत येतो. छत्तीस वर्षांत तिने ते कधी चुकवलं नव्हतं. मग इथे? इथेही पहिल्या सकाळी त्या चौकटींमध्ये जुन्या नावाबद्दल काहीतरी होतं खरं, आणि आपण खूण केली असणारच. पण ती नावं गेली कुठे? टिप्पणीत. टिप्पणीतच जाणार, दुसरीकडे कुठे जातील?

आणि टिप्पणीचा रकाना तिने स्वतः पुसला होता.

तिने पहिली फाइल उघडली. टिप्पणी रिकामी. दुसरी, रिकामी. दहावी, शंभरावी, रिकामीच. ताई खुर्चीत मागे टेकली आणि रडली. तिला रडायची सवय नव्हती त्यामुळे ते तिला नीट जमलंही नाही.

सहाला बाळ्या आला. चपला जागेवर ठेवल्या, काठी कोपऱ्यात टेकवली. ताईने दिवा लावला नव्हता, पण त्याला त्याचं काय.

"ताई? इथे का बसलीस अशी?"

"मशीन रुसलं नाहीये," ताई म्हणाली. "मी तुझी नावं पुसली. सगळी. परत आणता येत नाहीत, बघून झालं माझं."

तो खुर्ची चाचपून तिच्या शेजारी बसला. "पडदा पातळ आहे आमचा," तो म्हणाला.

"तू बोलला का नाहीस मला?"

"किती खूश होतीस तू. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, करू हळूहळू पाठ."

"चारशे बारा?"

"एकवीस झालेत."

ताईला हसावं की पुन्हा रडावं कळेना. आठ दिवस हा माणूस रोज सकाळी तासभर कानाला यंत्र लावून बसत होता. तिला वाटलं होतं, ऐकतोय मजेत. त्या वाटण्याची तिला आता फार लाज वाटली.

"बाळ्या, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुझं कपाट आवरलं मी पुन्हा."

"हो, आवरलंस," तो म्हणाला. उगाच नाही-नाही केलं नाही त्याने, आणि ते तिला बरं वाटलं. "आता एक कर. तू एकेक लाव. मी ओळखतो. नाव सांगतो, तू लिही. जमेल तेवढं जमेल."

ताईने डोळे पुसले, दिवा लावला, चष्मा चढवला. काम म्हटलं की तिच्या अंगात बळ यायचंच. पहिली फाइल लावली. तीन सेकंद झाले असतील नसतील, तो म्हणाला, "बारा गुडघा." दुसरी. "दहा कंबर, शिवणकामवाली." तिसरी वाजू लागली आणि तो हसला. "सात. ही लावू नये."

"बाई रडल्या ती?"

"शाळेच्या मुख्याध्यापिका. टाच दुखत होती म्हणून आल्या आणि ढसाढसा रडल्या. नंतर म्हणाल्या, टाच बरी आहे, उद्या हेच लावा. मी कसला लावतोय."

ताई ते सगळं लिहीत होती आणि तिच्या लक्षात येत होतं की ही नावं गबाळी मुळीच नाहीत. प्रत्येकात वेळ होती, जागा होती, माणूस होता. तिच्या कार्डांवर कधी इतकं मावलं नव्हतं. पण तीन फाइलींना दहा मिनिटं गेली होती आणि रकाना असा अरुंद की लिहिलेलं अर्धं दिसेना. रकाना रुंद करायचा म्हणून तिने वरच्या पट्टीवर माउसचं उजवं बटण दाबलं. एक यादी उघडली. कुठले कुठले रकाने दाखवायचे त्याची. कलाकार, संग्रह, साल, प्रकार, टिप्पणी, यांच्यापुढे खुणा होत्या. त्यांच्या खाली, खूण नसलेला, एक रकाना होता. मूळ नाव.

ताईचा हात माउसवरच राहिला.

"काय झालं?" बाळ्याने विचारलं. तिचा श्वास थांबलेला त्याला ऐकू येत असावा.

"थांब जरा. काही बोलू नकोस."

तिने खूण केली. पडद्याच्या उजव्या टोकाला एक नवा रकाना सरकत आला आणि वरपासून खालपर्यंत भरत गेला. बारा गुडघा. दहा कंबर शिवणकामवाली. सात लावू नये बाई रडल्या. पंधरा ड्रायव्हर. तिने चाक फिरवत फिरवत तळ गाठला. चारशे बारा. एकही जागा रिकामी नव्हती. टिप्पणीच्या शेजारी, कुणाला दिसणार नाही असा तो वेगळा रकाना होता, कार्डाच्या तळाशी पेन्सिलीने लिहितात तसा. त्या पहिल्या सकाळी तिचं डोकं भलतीकडे होतं, पण हाताने आपलं काम केलं होतं.

"आहेत," ताई म्हणाली. "बाळ्या, आहेत रे सगळी. एकूण एक."

तिचा जीव असा भांड्यात पडला की तिने टेबलावर डोकंच टेकलं. मानेतून कळ गेली, गेली तर गेली. बाळ्याने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले, सकाळी तोंड धुताना फिरवतो तसे, आणि बराच वेळ ते तिथेच ठेवले. तेव्हा ताईला कळलं की हळूहळू पाठ करू म्हणणारा हा माणूस किती घाबरला होता.

नावं परत फाइलींवर चढवायला प्रोग्रॅमला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिचे बारा दिवस दोन मिनिटांत गेले, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

"बघ आता तू," ती म्हणाली आणि की-बोर्ड त्याच्याकडे सरकवला.

बाळ्याने कळ दाबली. "अकरा—" टक. "अठरा—" टक. "बारा—" टक, टक, टक. बाई नेहमीसारखी अर्ध्या शब्दात तोडली जात होती आणि बाळ्या सुसाट चालला होता. ताई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. आपल्या घरात, अंधारात, कुठेही न अडखळता पाणी प्यायला जाणारा माणूस असाच दिसतो. मग तो उगाचच उलटा वर आला, मजेत, आणि एका जागी बोट जरा रेंगाळलं.

"अठरा, ताई दुखत नाही म्ह—"

टक. तो पुढे गेला.

"मागे जा," ताई म्हणाली.

"काही नाही ते."

"बाळ्या, मागे जा."

त्याने कळ दाबली आणि या वेळी बाईला पूर्ण बोलू दिलं. "अठरा, ताई दुखत नाही म्हणते."

ताईला आठवायला लागलं नाही. पाच वर्षांपूर्वी ती ग्रंथालयातल्या शिडीवरून पडली होती आणि मनगट मोडलं होतं. प्लास्टर काढल्यावर बाळ्याने महिनाभर रोज अठरा मिनिटं तिची बोटं एकेक करून सरळ केली होती. हेच सूर लावून. तो रोज विचारायचा, ताई, दुखतंय? आणि ती रोज म्हणायची, छे, अजिबात नाही.

"हात थरथरायचा तुझा," बाळ्या म्हणाला. "घामाने भिजलेला असायचा. आणि तोंडाने छे. मला काय तोंड बघून कळतं?"

ताईने आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"मान कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी—" ती म्हणाली आणि थांबली. "दुखतेय," ती म्हणाली. "खूप दुखतेय, बाळ्या. पहिल्या दिवसापासून. आणि तू आठ दिवस गप्प बसलास, त्याचंही दुखतंय."

"मलाही दुखलं," तो म्हणाला. "सांगायला हवं होतं."

त्याने ती फाइल लावली. उठून तिच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि दोन्ही अंगठे तिच्या मानेच्या मुळाशी ठेवले. दाबलं तेव्हा ताई चांगली मोठ्याने ओरडली, आणि तो म्हणाला, "हां, तिथेच." पुढची अठरा मिनिटं ती दुखलं की दुखलं म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी त्याचं बोट नेमकं तिथे जात राहिलं. सूर संपले तसे त्याने हात काढले. ताईने मान डावीकडे वळवली. खिडकी दिसली, खांदा न वळवता.

"या फाइलीचं नाव आता बदलायला हवं," बाळ्या म्हणाला.

ताईचा हात सवयीने की-बोर्डकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. तिने तो मागे घेतला, उठली आणि खुर्ची होती तिथे, भिंतीला समांतर, नेमकी लावली.

"तुझं तू बदल," ती म्हणाली. "मी जेवायचं बघते."

ती भांडी काढत असताना बाहेरच्या खोलीतून कळांचा आवाज येत होता. सावकाश, एकेक अक्षर. मग तो थांबला, आणि त्याने काय लिहिलंय ते बाईने वाचून दाखवलं.

"अठरा, ताई बोलली."